खोकला आणि खोकल्याची बाटली

पावसाळा सरून थंडी पडू लागली, की औषधांच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. "खोकल्यावर काहीतरी द्या." "कोरडा आहे की कफाचा?" "रात्री फार ढास लागते हो." दुकानदार मागे वळतो, फळीवरची एक बाटली काढतो, "झाकणभर, दिवसातून तीनदा" असे सांगतो, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जाते. सगळा व्यवहार दोन मिनिटांत आटोपतो. खरे पाहता यांतल्या पुष्कळ बाटल्यांवर तांबडी रेघ असते. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या विकू नयेत असा कायदा आहे. पण चिठ्ठी कोण मागतो आणि कोण दाखवतो! चारपाच दिवसांनी खोकला कमी होतो आणि त्या बाटलीचे नाव घरात कायमचे रुजते. पुढल्या वर्षी ती नाव घेऊन मागितली जाते, शेजारच्या वहिनींना सांगितली जाते, पुण्याहून गावी जाताना पिशवीत टाकली जाते.

या व्यवहाराला प्रश्न एकच विचारायचा आहे : खोकला कमी झाला, तो बाटलीमुळे का? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे नीट उत्तर शोधायला वैद्यकाला पुष्कळ काळ लागला, आणि जे उत्तर मिळाले ते दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांनाही फारसे रुचणारे नाही. मी वैद्य नव्हे; महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच तर्काचाही आहे, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करतो.

आधी खोकला ही काय वस्तू आहे, ते पाहू. आपले स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या आतल्या अस्तरात मज्जातंतूंची नाजूक टोके पसरलेली असतात. धूर, धूळ, अन्नाचा कण किंवा साचलेला कफ त्यांना लागला, की खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे मेंदूच्या तळाशी पोचते. तिथून हुकूम सुटतो. आपण खोल श्वास घेतो, स्वरयंत्राची फट घट्ट मिटते, छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळतात, आत हवेचा दाब वाढतो, आणि मग एकदम फट उघडून ती हवा स्फोटासारखी बाहेर पडते. येताना नको असलेली वस्तू बरोबर घेऊन येते. खोकला हा रोग नव्हे. तो फुप्फुसांच्या दारावरचा पहारेकरी आहे. पक्षाघाताने ज्यांचा खोकला दुबळा झालेला असतो, त्यांच्या फुप्फुसात अन्नपाणी उतरून किती अनर्थ होतो, हे ज्यांनी घरात पाहिले असेल त्यांना या पहारेकऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग पडशात हा पहारेकरी असा बेताल का होतो? पडशाचे विषाणू त्या अस्तराला सूज आणतात. मज्जातंतूंची टोके हुळहुळी होतात. एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती अशी थंड हवेची झुळूक, जोराचे हसणे, फोनवरचे लांबलेले बोलणे, एवढ्यानेसुद्धा उबळ येते. ताप उतरतो, नाक वाहायचे थांबते, पण अस्तर पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि तोवर खोकला रेंगाळतो. या अवस्थेत अँटिबायोटिक गोळ्या घेण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याचा काही उपयोग नाही. ती औषधे जंतूंवर चालतात, विषाणूंवर नाही.

आता बाटलीकडे वळू. तिच्या लेबलावरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली, तर आत सहसा तीन जातींची औषधे सापडतात.

पहिली जात खोकला दाबणारी. हिचा मूळपुरुष कोडीन. १८३२ साली रोबिके या फ्रेंच रसायनज्ञाने ते अफूतून वेगळे काढले. अफूच्या कुळातले औषध खोकल्याला देण्याची चाल जुनी आहे. आज ऐकून विश्वास बसणार नाही, पण १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले ते खोकल्याचे औषध म्हणूनच! पुढे त्याचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. व्यसन लावणार नाही आणि खोकला मात्र दाबील अशा द्रव्याचा शोध सुरू झाला, आणि १९५० नंतरच्या दशकात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आले. आजच्या बहुसंख्य 'कोरड्या खोकल्याच्या' बाटल्यांत ते असते.

दुसरी जात कफ सुटा करणारी. ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल ही तिची नावे. त्यांपैकी ब्रोमहेक्सिनची कुळकथा आपल्याला जवळची आहे. आपल्याकडे घराच्या कुंपणाला अडुळसा लावतात आणि त्याच्या पानांचा रस खोकल्यावर देतात. त्या पानांत व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्याच धर्तीवर रसायनशाळेत बदल करीत करीत ब्रोमहेक्सिन तयार झाले, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते तेच अँब्रॉक्सॉल. म्हणजे कुंपणावरचा अडुळसा परदेशी जाऊन, नाव बदलून, चकचकीत बाटलीत बसून परत आला. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट खरी; तथापि अभिमानाने खोकला थांबत नाही. अडुळशाच्या या नातवंडांनाही पुढे सांगणार आहे त्याच कसोटीला उतरावे लागते.

तिसरी जात सर्दीची : क्लोरफेनिरामाइनसारखी औषधे, ज्यांनी नाक वाहणे थोडे कमी होते आणि झोप मात्र पुष्कळ येते, आणि त्यांच्या जोडीला नाक मोकळे करण्यासाठी घातलेले फेनिलेफ्रिन. या फेनिलेफ्रिनची मजा अशी, की पोटात घेतल्यावर ते नाक मोकळे करीत नाही असा एकमताचा निर्वाळा अमेरिकेच्या औषध-प्रशासनाच्या सल्लागार मंडळाने २०२३ साली दिला. त्यापूर्वी कित्येक वर्षे लोक ते पैसे देऊन पीत होते.

याखेरीज साखर, रंग, मेन्थॉलचा गारवा. त्यांना औषध म्हणत नाहीत. पण त्यांची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवतो.

आपल्या बाजारातले वैशिष्ट्य हे, की या जाती एकाच बाटलीत कोंबलेल्या असतात. कित्येकदा खोकला दाबणारे आणि कफ बाहेर काढणारे अशी दोन्ही औषधे एकत्र नांदतात. एकाने पहारेकऱ्याला झोपवायचे आणि दुसऱ्याने त्याला काम पुढ्यात आणून द्यायचे! याला कोणते शास्त्र म्हणावे, हे मला तरी उमगलेले नाही.

बरे, ही औषधे चालतात की नाही? लोक म्हणतात, "अहो, आम्ही घेऊन पाहिलं, गुण आला." इथेच तर्काचे काम सुरू होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे आपण म्हणत नाही. मग बाटली घेतल्यावर खोकला गेला म्हणून बाटलीने तो घालवला, असे का म्हणावे? न घेतली असती तर काय झाले असते, हे त्याच माणसाच्या बाबतीत कधीच कळत नाही, आणि सगळा घोटाळा तिथे आहे.

त्यात आणखी एक पेच. माणूस बाटली आणायला केव्हा जातो? पहिल्या दिवशी घसा खवखवतो तेव्हा नाही. तो जातो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रात्रभर खोकून घरातल्या सगळ्यांची झोप मोडल्यावर. म्हणजे दुखणे शिगेला पोचलेले असताना. शिगेनंतर उतरणच असते. उतरणीच्या तोंडाशी जे काही घ्याल, त्याला गुण आल्याशिवाय राहात नाही. मग ते औषध असो, काढा असो की अंगारा असो.

पडशाचा खोकला मुळात टिकतो किती दिवस? याबद्दल २०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जॉर्जिया राज्यातल्या प्रौढ माणसांना विचारले, तेव्हा त्यांचा सर्वसाधारण अंदाज निघाला सात ते नऊ दिवस. नाना ठिकाणच्या निरीक्षणांवरून प्रत्यक्ष सरासरी काढली ती निघाली १७.८ दिवस, जवळजवळ अठरा. नऊ दिवसांची अपेक्षा आणि अठरा दिवसांचे वास्तव, यांच्यामधल्या नऊ दिवसांत बाटल्या विकल्या जातात, डॉक्टर बदलले जातात आणि "अजून खोकला जात नाही, जरा जोरदार औषध द्या" अशी मागणी होते.

तर मग खरे-खोटे करायचे कसे? त्याची रीत अशी. खोकणाऱ्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला खरे औषध द्यायचे; दुसऱ्याला तोच रंग, तोच वास, तीच गोडी असलेले, पण औषध नसलेले सरबत द्यायचे. कोणत्या बाटलीत काय आहे हे पिणाऱ्याला माहीत नसावे आणि मोजणाऱ्यालाही नसावे. वेळ दोन्ही गटांवर सारखाच उपकार करील. उरलेला फरक तेवढा औषधाचा.

अशा चाचण्या एकत्र करून त्यांचा निष्कर्ष तपासण्याचे काम कॉक्रेन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था करते. दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांवरचा तिचा आढावा २०१४ साली नव्याने निघाला. त्यात २९ चाचण्या होत्या; १९ मोठ्या माणसांवरच्या, १० मुलांवरच्या; मिळून ४,८३५ माणसे. निष्कर्ष असा, की ही औषधे उपयोगी आहेत असे म्हणायला चांगला पुरावा नाही आणि निरुपयोगी आहेत असे ठामपणे म्हणायलाही नाही. इतक्या वर्षांच्या खपानंतर आणि एवढ्या जाहिरातींनंतर वकिलाची बाजू इतकी लंगडी असावी, हेच बोलके आहे.

तपशिलात शिरले की चित्र जरा जास्त स्पष्ट होते. कोडीनची कीर्ती सर्वांत मोठी. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात पडशाच्या अभ्यासाचे एक खास केंद्र होते. तिथल्या संशोधकांनी १९९७ साली पडशाने खोकणाऱ्या ८२ माणसांना एकेक मात्रा देऊन खोकला मोजला. ५० मिलिग्रॅम कोडीन घेतलेल्यांचा खोकला कमी झाला. पण औषध नसलेली मात्रा घेतलेल्यांचाही तसाच कमी झाला. डेक्स्ट्रोमेथॉर्फनची स्थिती थोडी बरी. ७१० प्रौढांवरच्या सहा चाचण्या एकत्र करून २००१ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात सरबतापेक्षा सुमारे १२ ते १७ टक्के जास्त फरक दिसला. फरक आहे, नाही असे नाही. परंतु तासाला वीसदा खोकणारा माणूस सतरा-अठरादा खोकू लागला, तर त्याच्या बायकोला झोप लागेल काय? शिवाय दुसऱ्या एका लहान चाचणीत तेवढाही फरक दिसला नव्हता. ग्वायफेनेसिनबद्दल एका चाचणीत औषध घेतलेल्या शंभरांतल्या ७५ जणांनी आणि नुसते सरबत घेतलेल्या शंभरांतल्या ३१ जणांनी गुण आल्याचे सांगितले. दुसऱ्या चाचणीत खोकल्यात फरकच आढळला नाही. अशा वेळी एकच चाचणी हातात धरून जाहिरात छापणे सोपे असते.

आता राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. कार्डिफच्या केंद्राचे प्रमुख प्राध्यापक रॉनल्ड एकल्स यांनी अशा चाचण्यांचे आकडे तपासून असे मांडले, की खोकला जो कमी झालेला दिसतो, त्यातला सुमारे ८५ टक्के भाग औषध नसलेल्या सरबतानेही होतो. औषधाच्या वाट्याला उरतात १५ टक्के. या ८५ टक्क्यांत वेळेचा वाटा आहे, विश्वासाचा आहे, आणि त्यांच्या मते गोड, दाट, चवदार घोटाचाही आहे. असा घोट घेतला की तोंडाला पाणी सुटते, आपण गिळतो, खवखवणाऱ्या घशावर ओलसर लेप बसतो. खोकल्यावर आपला थोडाफार ताबाही असतो. सभेत किंवा गाण्याच्या बैठकीत आपण तो दाबून धरतोच की. म्हणून मनाला धीर आला तर खोकला खरोखर कमी होतो. याला ढोंग म्हणू नये. पण मग ते श्रेय साखरेचे आहे, लेबलावरच्या लांबलचक नावाचे नाही, एवढे मान्य करावे.

विश्वासाचा वाटा किती मोठा असतो, हे दाखवणारी एक सुरेख चाचणी २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची ११९ खोकणारी मुले. एका गटाला घायपाताच्या जातीच्या एका झाडाचा गोड रस दिला, दुसऱ्याला रंग-चव घातलेले पाणी, तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आईबापांना विचारले, रात्र कशी गेली? काहीच न दिलेल्यांपेक्षा रस दिलेल्या मुलांची रात्र बरी गेली, आणि रंगीत पाणी दिलेल्यांचीही तितकीच बरी गेली! आता सहा महिन्यांच्या पोराला औषधावर श्रद्धा ती कुठली? गुण बहुधा आईबापांना आला. आपण काहीतरी केले, ही भावना मोठी औषधी आहे.

मोठ्या माणसाने शंभर-सव्वाशे रुपये खर्चून एवढे समाधान विकत घेतले, तर माझी फारशी तक्रार नाही. क्लोरफेनिरामाइन घेऊन त्याने गाडी चालवू नये. रक्तदाब किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मनाच्या आजारावरच्या गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन विचारल्यावाचून घेऊ नये, कारण त्या दोहोंचे काही वेळा जमत नाही. एवढे सांभाळले म्हणजे पुरे. पण मुलांच्या बाबतीत हिशेबच बदलतो. तर्काचा साधा नियम आहे : फायदा जर शून्याच्या जवळ असेल, तर धोका कितीही लहान असला तरी तो महागच पडतो.

मुलांमध्ये फायदा खरोखरच शून्याच्या जवळ आहे. २००४ साली शंभर मुलांवर झालेल्या चाचणीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा झोप आणणारे डायफेनहायड्रामिन, यांपैकी कोणतेच औषध साध्या सरबताहून सरस ठरले नाही. मुलांची झोप सुधारली नाही आणि आईबापांचीही नाही. अमेरिकेत २००८ साली दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत असा इशारा निघाला आणि त्याच वर्षी उत्पादकांनी चार वर्षांखाली देऊ नये असे लेबलावर छापायला सुरुवात केली. ब्रिटनने २००९ साली ती मर्यादा सहा वर्षांवर नेली. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते, आणि काही मुलांच्या शरीरात ते इतक्या वेगाने होते की श्वास मंदावतो; म्हणून युरोपात २०१५ पासून बारा वर्षांखालील मुलांना खोकल्यासाठी कोडीन देणे वर्ज्य ठरले.

हा झाला बाटलीत जे असायला हवे त्याचा धोका. जे नसायला हवे त्याची कथा याहून भयंकर आहे.

पातळ औषध करायचे तर औषध कशात तरी विरघळवावे लागते. पाण्यात सगळेच नीट विरघळत नाही, म्हणून ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे गोडसर, दाट द्रव वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे त्यांच्यासारखेच दिसणारे, चवीला गोड, पण कारखान्यांत वापरायचे द्रव्य आहे. ते पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होतात. उलट्या होतात, लघवी बंद पडते, आणि लहान मूल थोड्या दिवसांत हातचे जाते. निष्काळजीपणाने किंवा पैशाच्या लोभाने औषधी द्रवाच्या जागी हे द्रव्य येऊन बसते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक पातळ औषध याच द्रवात तयार केले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यातूनच १९३८ चा तिथला कडक औषध-कायदा जन्माला आला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध-खात्याच्या कारभारावर प्रखर उजेड टाकला. तिथे खोकल्याचे औषध नव्हते, पण विष हेच होते.

त्यानंतर तरी हे थांबायला हवे होते. १९९८ साली गुरगावला खोकल्याच्या औषधातून मुले गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मू भागातल्या रामनगरला गेली. २०२२ साली गांबिया आणि उझबेकिस्तान या देशांत गेली. तिथली औषधे आपल्या देशात बनलेली होती. त्याच वर्षी इंडोनेशियातही तेच घडले. या तीन देशांत मिळून तीनशेवर मुले दगावल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, वीसहून अधिक बालके गेली. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत असताना. बहुतेकांचे वय पाच वर्षांच्या आत होते. 'कोल्ड्रिफ' नावाचे ते औषध तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेले होते. या विषाचे प्रमाण औषधात शेकडा ०.१ च्या वर जाता कामा नये. तपासणीत ते निघाले ४८.६. जवळजवळ अर्धी बाटली विष.

ही औषधे डॉक्टरांनी लिहून दिलेली होती, हेही सांगितले पाहिजे. केवळ चिठ्ठी असल्याने बाटली सुरक्षित होत नाही. पण मला अधिक बोचणारा मुद्दा निराळा आहे. ज्या मुलांना ते औषध दिले त्यांना साधे पडसे झाले होते. शुद्ध, उत्तम प्रतीची बाटली दिली असती तरी तिने त्यांचा खोकला एक दिवस आधी गेला असता असा पुरावा नाही. ज्या घोटाची गरजच नव्हती, त्या घोटाने ती मुले गेली. त्या घटनेनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि विकूही नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊच नयेत. हा सल्ला सगळ्या घरांत पोचला आहे असे मला वाटत नाही. आजही पाहा, शेजारच्या मुलासाठी आणलेली, निम्मी उरलेली बाटली घरच्या धाकट्याला पाजली जाते.

"मग करायचं काय? पोर रात्रभर खोकत असताना नुसतं बघत बसायचं?" आयांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. एक वर्षावरच्या मुलाला झोपण्यापूर्वी चमचाभर मध द्यावा. २००७ साली १०५ मुलांवरच्या चाचणीत मध दिलेल्या मुलांची रात्र काहीच न दिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे बरी गेली. डेक्स्ट्रोमेथॉर्फनला तेही जमले नाही. २०१९ च्या ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनातही मधाला जागा मिळाली आहे. मध म्हणजे अमृत असे मी म्हणणार नाही, कारण रंगीत पाण्याची गोष्ट मी आत्ताच सांगितली. त्याचाही पुष्कळसा गुण गोडीचाच असेल. पण तो स्वस्त आहे आणि चुकला तर मूत्रपिंड घेत नाही. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळून चाटवण्याची, जन्मल्याबरोबर मधाचे बोट लावण्याची रीत आहे; मधात काही वेळा बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजे असतात, मोठ्यांचे पोट ती पचवते, तान्ह्याचे नाही. आजीबाईंनी रागावू नये, पण ही रीत सोडलेली बरी.

बाकी कोमट पाणी, सूप, पेज, अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध, पुरेशी झोप. मोठ्यांनी खडीसाखर किंवा ज्येष्ठमध चघळावे. घोट गिळत राहण्याचे काम त्यानेही होते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने बाहेर जावे. लहान मुलांना वाफारा देण्याच्या खटपटीत उकळते पातेले अंगावर सांडून भाजल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. तो नाद नको.

पहारेकऱ्याची हाक कधीकधी खऱ्या चोरासाठीही असते, हे विसरून चालत नाही. मुलाचा श्वास जलद चालला असेल तर घड्याळ लावून मोजावा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा मिनिटाला पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक, असे श्वास भरले तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा आणि त्याच घटकेला दवाखाना गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, मलूल पडले असेल, तर मोजत बसण्याचीही गरज नाही. मोठ्यांच्या बाबतीत थुंकीतून रक्त, धाप, छातीत दुखणे ही लक्षणे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या, कोरडा खोकला लागतो. त्यावर बाटल्या संपवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी.

आणि क्षय. साधा खोकलाही सरासरी अठरा दिवस राहतो हे मी वर सांगितले. अमेरिकेत तेवढे दिवस थांबून पाहणे ठीक आहे. आपल्या देशात मात्र राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम दोन आठवड्यांचा आहे. त्याहून जास्त खोकला राहिला की तपासणी करून घ्यायची. बहुतेकांची तपासणी निर्दोष निघेल; ज्याची निघणार नाही तो एरवी महिना-दीड महिना दुकानातून बाटल्यामागून बाटल्या आणीत राहतो, आणि तेवढ्या काळात घरातल्या माणसांना, शेजारी झोपणाऱ्या नातवंडांना रोग वाटत राहतो. थुंकीची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. तिथे जाताना, आतापर्यंत घेतलेल्या औषधांच्या बाटल्या बरोबर न्याव्यात म्हणजे काय काय पोटात गेले आहे ते डॉक्टरांना वाचता येते.